दहा किलोंच्या आधी दोन चमचे

पेठ तालुक्याचं नाव छापून येतं ते कुपोषणासाठी, उन्हाळ्यातल्या पाणीटंचाईसाठी, नाही तर भात-नागली घरात आली की दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांकडे निघणाऱ्या मजुरांसाठी. अशा ठिकाणी वजन उतरवण्याची चर्चा कुणाला चैनीची वाटेल. पण याच पेठमध्ये तहसील, पंचायत समिती, बँक आणि शाळांमध्ये खुर्चीवर दिवस काढणारी माणसं आहेत. सावळघाट, कोटंबीघाट ओलांडून रोज नाशिकहून ये-जा करणारे नोकरदार आहेत. सकाळी शटर उघडल्यापासून रात्री ते ओढेपर्यंत गल्ल्यामागून न उठणारे व्यापारी आहेत. आणि ज्या पायवाटेने बाप बाजाराला चालत यायचा, त्याच गावाहून आता मोटारसायकलवर येणारा मुलगाही आहे.

शिवाय कुपोषण आणि पोटाचा घेर ही दोन टोकं वाटतात तेवढी लांब नाहीत. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी हे आयुष्यभर दाखवून दिलं. २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा फोटो शेजारी शेजारी छापून आला. उंचीच्या मानाने वजन मोजणारा बीएमआय दोघांचाही २२.३. युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के! पुण्याजवळच्या गावांत १९९३ पासून चाललेल्या त्यांच्या अभ्यासात कमी वजनाची बाळंही चरबी मात्र राखून जन्माला येताना दिसली. म्हणजे हातपाय काटकुळे आणि पोट पुढे, ही आपल्याकडची नेहमीची ठेवण. अशा माणसाला वजनकाटा काहीच सांगत नाही.

म्हणून सुरुवात काट्याने करू नये, टेपने करावी. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सहज सोडून घेर मोजावा. पुरुषांचा ९० सेंटिमीटरच्या आणि बायकांचा ८० सेंटिमीटरच्या आत असावा, असं भारतीयांसाठीचे निकष सांगतात. बीएमआयचा धोक्याचा आकडाही आपल्यासाठी २३ पासून सुरू होतो, २५ ला लठ्ठपणा धरतात. ज्यांचं हे सगळं आत आहे त्यांनी शेजारणीचं पाहून वजन उतरवायला लागू नये. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी तर नाहीच. आणि काही न करता वजन उतरत असेल, सोबत खोकला किंवा संध्याकाळचा ताप असेल, तर खूश न होता ग्रामीण रुग्णालयात जाऊन थुंकी तपासून घ्यावी.

आता ज्यांना खरंच उतरवायचं आहे त्यांच्याविषयी. काय खाऊ नये हे त्यांना सांगायची फारशी गरज उरलेली नाही. साखर, तळण, मैदा, रात्री उशिराचं जेवण ही यादी आशाताईंपासून मोबाइलवरच्या रीलपर्यंत सगळीकडे ऐकू येते. अडतं ते वेगळ्याच जागी. एकाने मनात आधीच ठरवलेलं असतं की हे आपल्याच्याने व्हायचं नाही. दुसरा सोमवारपासून साखर बंद, भात बंद, पहाटे पाचला पळायला, असा फतवा काढतो आणि गुरुवारी थंडावतो. दोघांचाही हिशेब एकाच ठिकाणी चुकतो: आपल्याला काय जमतं, याचा अंदाज.

या अंदाजाचा नीट अभ्यास केला तो अल्बर्ट बँड्युरा यांनी. कॅनडातल्या एका लहानशा गावात १९२५ साली जन्मलेले बँड्युरा पुढे अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात मानसशास्त्र शिकवत राहिले आणि २०२१ साली वारले. त्यांचे गाजलेले प्रयोग सापाला घाबरणाऱ्या माणसांवरचे आहेत. नागलीच्या शेतात वाकलेल्या बाईला सापाची फार भीती बाळगणं परवडत नाही, पण या शहरी मंडळींना बागेत पाऊल टाकवत नव्हतं. काहींना सापाशी खेळणाऱ्यांची फिल्म दाखवली. काहींना अंग सैल सोडून साप डोळ्यांपुढे आणायला सांगितलं. आणि काहींच्या सोबत एक जाणकार उभा राहिला. आधी लांबून पाहणं, मग हातमोजा घालून बोट लावणं, मग उघड्या हाताने धरणं, असं एकेक पाऊल त्याने त्यांना स्वतः करायला लावलं. सगळ्यांत जास्त फरक पडला तो या तिसऱ्या गटात.

१९७७ साली त्यांनी यावरून सिद्धान्त मांडला. माणूस एखादं काम हाती घेईल का, किती नेट लावेल आणि अडलं की किती टिकेल, हे ‘हे मला जमेल’ या भरवशावर बरंच अवलंबून असतं. हा भरवसा चार ठिकाणांहून येतो. स्वतः करून पाहिलेलं काम, आपल्यासारख्या माणसाला करताना पाहणं, विश्वासाच्या माणसाचे शब्द आणि स्वतःच्या शरीराकडून मिळणारे इशारे. चारांत पहिलं सगळ्यांत वजनदार. भाषणं ऐकून, भिंतीवर सुविचार लावून जो जोर चढतो तो तिसऱ्या खात्यात जमा होतो, आणि तिथली शिल्लक फार दिवस पुरत नाही.

यातली खोच अशी की हा भरवसा कामागणिक वेगळा असतो. ग्रामसभेत माईक धरून तासभर बोलणारा माणूस मेहुण्याच्या घरी दुसरी जिलेबी नाकारू शकत नाही. दिवसभर डोक्यावर हंडे वाहणाऱ्या बाईला चालण्याचं काहीच वाटत नाही, पण घरात सगळ्यांची जेवणं झाल्यावर पातेल्यात उरलेला भात टाकवत नाही, म्हणून तीच तो संपवते. या दोघांना ‘आत्मविश्वास ठेवा’ असं सांगण्यात काही अर्थ नाही. त्यांचं अडतंय ती जागा शोधावी लागते.

ती शोधण्यासाठी १९९१ साली अमेरिकेतल्या काही संशोधकांनी वीस प्रश्नांची एक यादी तयार केली, ती आजही वापरतात. प्रत्येक प्रश्नाला शून्य ते नऊ गुण. प्रश्न सगळे एकाच धाटणीचे, अमुक वेळी खाणं टाळता येईल असं तुम्हाला किती वाटतं? वेळा पाच प्रकारच्या. मन खट्टू किंवा चिडलेलं असताना. समोर भरपूर खायला असताना. कुणी आग्रह करत असताना. थकवा किंवा डोकेदुखी असताना. आणि टीव्ही पाहणं, गप्पा मारणं अशा रमलेल्या वेळी.

ही यादी आपापल्या घराला, पेठच्या रस्त्याला जुळवून घेता येते. वहीचं एक पान घ्यावं. ‘बस चुकली, पुढची तासाने, समोर गरम भजी’, ‘साडूच्या घरी बारसं’, ‘साहेबांनी बोलणी दिल्यावर’, ‘रात्री नऊला घरी पोचल्यावर भूक’, ‘क्रिकेटचा सामना आणि शेवचिवडा’ अशा आपल्या खऱ्या दहा-बारा वेळा लिहाव्यात आणि प्रत्येकीसमोर शून्य ते दहा गुण द्यावेत. कुणाला दाखवायचं नसतं, त्यामुळे खोटं लिहायचं कारण नाही. बहुतेकांना पान भरल्यावर कळतं की आठ ठिकाणी आपण ठीक आहोत आणि दोन-तीन ठिकाणीच पाय घसरतो. ‘माझा तोंडावर ताबाच नाही’ असं म्हणत फिरणाऱ्याला एवढं कळलं तरी अर्धा धीर येतो.

मग कामाला लागायचं ते कुठून? इथे बहुतेक सल्लागार दहा किलोंचं ध्येय ठेवायला सांगतात. ते ऐकू नये, असं या लेखाचं स्पष्ट मत आहे. १९९७ साली अमेरिकेत साठ लठ्ठ बायकांना उपचाराआधी विचारलं गेलं की किती वजन कमी करायचं आहे. सरासरी अपेक्षा होती वजनाच्या ३२ टक्क्यांची. सतरा किलो उतरलं तर आपली निराशा होईल, असं त्यांचं म्हणणं होतं. ४८ आठवड्यांनी सरासरी सोळा किलो उतरलं. कुठल्याही डॉक्टरला अभिमान वाटावा असं हे यश, आणि जवळजवळ निम्म्या बायकांना त्या ‘निराशे’च्या आकड्यापर्यंतही पोचता आलं नव्हतं. आपल्या हातून मोठं काम झालं तरी जमलं नाही असंच वाटत राहणं, हे भरवसा खचण्याचं सगळ्यांत हमखास कारण. सुरुवातीचा फाजील भरवसाही तितकाच घातक. पहिल्या दिवशी स्वतःला दहापैकी दहा गुण देणारा पुढे जास्त वजन उतरवतोच असं संशोधनात दिसत नाही. पहिल्या काही आठवड्यांत काम करता करता ज्याचे गुण वाढत जातात, त्याच्याकडे लक्ष ठेवावं.

वैद्यकाच्या दृष्टीने पुरेसं वजन आणि सिनेमातलं वजन यांत मोठी तफावत असते. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात वजनात ७ टक्के घट आणि आठवड्याला १५० मिनिटं चालणं एवढंच लक्ष्य होतं. मधुमेह होण्याचं प्रमाण त्यातून ५८ टक्क्यांनी घटलं. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या, भारतीयांवरच्या अशाच अभ्यासाचा निकाल तर फ्रेम करून लावावा असा आहे. आहार आणि चालणं सुधारलेल्या गटात मधुमेहाचं प्रमाण २८.५ टक्क्यांनी घटलं, आणि त्यांचं वजन मात्र फारसं हललंच नव्हतं! काटा जागचा हलत नाही म्हणून फिरणं सोडून देणाऱ्यांनी हे दोनदा वाचावं. ८० किलोंच्या माणसाला सहा महिन्यांत चार किलो पुष्कळ झाले.

चार किलोंचीही सुरुवात चार किलोंनी करायची नसते. टपरीचा चहा घेऊ. कपात दोन चमचे साखर आणि दिवसाला पाच चहा हे पेठच्या बाजारात बसणाऱ्याला काही जास्त वाटत नाही. दहा चमचे म्हणजे ५० ग्रॅम, म्हणजे साधारण २०० कॅलरी. महिन्याला दीड किलो साखर फक्त चहातून. ‘साखर सोडा’ म्हटलं तर तो माणूस स्वतःला दहापैकी तीन देईल. ‘दोनऐवजी एक चमचा’ म्हटलं तर कदाचित सहा. ‘दुपारनंतरचे दोन चहा एक-एक चमच्याचे’ म्हटलं तर हसून नऊ देईल. मग तेच काम घ्यायचं. नियम सोपा आहे: ज्या कामाला स्वतःकडून आठ किंवा जास्त गुण मिळतात ते या आठवड्याचं काम. आठच्या खाली गुण आले तर इच्छाशक्तीला दोष देत न बसता काम लहान करायचं. टपरीवाल्याला एकदा सांगून ठेवलं की रोज ठरवावंही लागत नाही, हा जास्तीचा फायदा.

दोन चहांत दोन चमचे कमी केल्याने वजन उतरणार नाही, हे कुणीही सांगेल आणि ते खरं आहे. दिवसाला ४० कॅलरी म्हणजे काहीच नाही. पण दोन आठवडे हे पाळलेल्या माणसाच्या हातात आता एक पुरावा असतो, आणि पुढच्या कामाला तो आधीपेक्षा वरचे गुण देतो. तिसऱ्या महिन्यापर्यंत पाचांपैकी दोन चहा सुटलेले असतात, उरलेले एका चमच्यावर आलेले असतात, आणि रात्रीच्या जेवणातला भात अर्ध्यावर आलेला असतो. एवढं झालं की काटा हलायला लागतो.

भाताचा विषय निघालाच आहे तर नागलीविषयी एक गोष्ट. शहरात ‘नाचणी’ नावाने तिला सध्या भलताच भाव आलाय आणि ती खाल्ली की वजन उतरतं असं सांगितलं जातं. नागलीत शंभर ग्रॅममागे ३६० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, तांदळात ते नावालाच; कोंड्यासकट खाल्ली जाते म्हणून भूकही जास्त वेळ धरून ठेवते. पण उष्मांक बघाल तर तिचे ३२० आणि तांदळाचे ३५६. फरक थोडा. चौथी भाकरी चौथीच असते, ती नागलीची असली तरी. पेठच्या माणसाने नागली खावी ती आपली आहे आणि चांगली आहे म्हणून, औषध म्हणून नव्हे.

महाराष्ट्रात ‘हे मला जमेल’ या एका वाक्याने किती लोक हलतात, याचं सगळ्यांत मोठं उदाहरण म्हणजे डॉ. जगन्नाथ दीक्षित यांची मोहीम. तेव्हा लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात शिकवणाऱ्या दीक्षितांनी डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या व्याख्यानातून एक पद्धत उचलली आणि आधी स्वतःवर करून पाहिली. कडकडून भूक लागण्याच्या दोन वेळा ओळखायच्या, त्या दोनच वेळी, प्रत्येकी ५५ मिनिटांच्या आत जेवायचं, मधे ताक, पाणी, बिनसाखरेचा चहा. आणि ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालायचं. त्यांच्या पुस्तकाच्या नावातच ‘विनासायास’ असा शब्द आहे.

दीक्षितांच्या आहारशास्त्रावर तज्ज्ञांनी बरेच आक्षेप घेतले आणि ते वाद अजून मिटलेले नाहीत. पण ही पद्धत लोकांनी का उचलली, हे बँड्युरांच्या चष्म्यातून पाहण्यासारखं आहे. वजनकाट्यावर पोळी तोलायची नाही, ऑलिव्ह तेल आणायचं नाही, फी नाही. घरात शिजलेलं खायचं. ऐकणाऱ्याला पहिल्याच व्याख्यानात वाटतं, एवढं तर होईल. पुढे व्हॉट्सॲपच्या गटात आपल्यासारखाच कुणी शिक्षक, कुणी कंडक्टर आपले रिपोर्ट टाकतो. दर तीन महिन्यांनी रक्ताची तपासणी होते आणि आकडा उतरलेला दिसतो. चारही ठिकाणांहून भरवशाची आवक होते, मग माणूस टिकतो.

याच महाराष्ट्रात आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर थोड्या थोड्या वेळाने खायला सांगतात, तूप-भाताची भीती घालवतात, आपल्या मातीत पिकतं ते खा म्हणतात. त्यांचंही ऐकून वजन उतरवलेली माणसं आहेतच. दोघांपैकी कोण बरोबर, यावर मराठी घरांत भांडणं झाली आहेत. २००५ साली अमेरिकेत चार प्रसिद्ध आहारपद्धतींची १६० लोकांवर वर्षभर तुलना झाली, तेव्हा चारही पद्धतींत उतरलेलं वजन साधारण सारखंच निघालं. ज्याने आपली पद्धत जास्त पाळली त्याचं जास्त उतरलं, मग ती कुठलीही असो. तेव्हा पद्धत निवडताना ‘कुठली भारी’ यापेक्षा ‘सहा महिन्यांनी मी कुठली पाळत असेन’ हे विचारावं. फक्त एक सावधगिरी. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असलेल्याने जेवणाच्या वेळा डॉक्टरांना न विचारता बदलू नयेत. साखर एकदम खाली जाऊन घाटात गाडीवर चक्कर येण्याची वेळ येऊ शकते.

भरवशाचं दुसरं ठिकाण म्हणजे दुसऱ्याला करताना पाहणं. या भागात पटकन आठवणारं नाव कविता राऊत यांचं. हरसूलजवळच्या सावरपाड्याची ही मुलगी २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरचं कांस्य घेऊन आली, त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्य, आणि २०१६ ला रिओ ऑलिंपिकची मॅरेथॉन धावली. आश्रमशाळेतल्या मुलींसाठी ‘सावरपाडा एक्स्प्रेस’ हे मोठं बळ आहे, कारण त्यांच्यासारख्याच पाड्यावरून, तशाच घरातून ती निघाली. पण गल्ल्यावर बसणाऱ्या पंचेचाळीस वर्षांच्या, गुडघे कुरकुरणाऱ्या माणसाला तिच्याकडे पाहून भरवसा येईलच असं नाही. ‘ती कुठे, मी कुठे’ असंही वाटेल. बँड्युरांचं म्हणणं असं की पाहिलेला माणूस जितका आपल्यासारखा, तितका परिणाम जास्त. या दुकानदाराने शोधावा तो शेजारच्या गल्लीतला, वर्षभरात पाच किलो उतरवलेला दुसरा दुकानदार. कसं केलं, कुठे अडलं, दिवाळीत काय केलं, हे त्याला बारकाईने विचारावं. एवढी चौकशी करायला लाज वाटत असेल तर त्याच्याबरोबर आठवडाभर सकाळी चालायला जावं, गप्पा आपोआप निघतात.

आता शब्द. आपल्याकडे जाड माणसाला टोमणा मारणं हा जणू सार्वजनिक हक्क आहे. ढोल्या, ढब्बू, ‘जरा कमी खा की’ हे सगळं प्रेमाने चाललेलं असतं म्हणे. त्याने वजन उतरत नाही. उलट हिणवली गेलेली माणसं जास्त खातात आणि लोकांसमोर चालायला, व्यायाम करायला टाळतात, हे अनेक अभ्यासांत दिसलंय. घरच्यांनी मदत करायचीच असेल तर ‘तू करशील रे’ असं मोघम न बोलता झालेलं काम बोलून दाखवावं: ‘या आठवड्यात चार दिवस चालायला गेलास.’ आणि आग्रह थांबवावा. ‘माझ्या हातचं नाही खाल्लंस तर’ या शपथेपुढे भले भले नमतात. पाहुण्याला दुसऱ्यांदा विचारावं, तिसऱ्यांदा वाढू नये, एवढी रीत घरात पाडता आली तरी खूप.

चौथं ठिकाण शरीराचं. महिनोन्‌महिने न चाललेला माणूस पहिल्या दिवशी चढ लागताच धापा टाकतो, आणि ती धाप त्याला ‘आपलं वय झालं’ असं सांगते. बहुतेकदा ती फक्त सवय नसल्याची धाप असते. चालण्याचा वेग एवढा असावा की सोबत्याशी बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये. पहिले दोन आठवडे सपाट रस्ता, दहा-पंधरा मिनिटं. तिसऱ्या आठवड्यात तोच रस्ता कमी धापेत संपतो आणि शरीर आपण होऊन चांगला निरोप देतं. छातीत दाटून येणं, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, घाम फुटणं हे मात्र सवयीचे प्रश्न नव्हेत. तिथे भरवशाचा काही संबंध नाही, थेट दवाखाना.

शेतात, विहिरीवर, चुलीपाशी राबणाऱ्या बायकांना ‘व्यायाम करा’ म्हणणं जरा हास्यास्पदच. अमेरिकेत २००७ साली हॉटेलांतल्या ८४ सफाई कामगार बायकांवर एक मजेदार प्रयोग झाला. त्यांतल्या काहींना फक्त इतकंच सांगितलं की तुमचं रोजचं काम हा उत्तम व्यायाम आहे. चार आठवड्यांत त्यांचं वजन किलोभर उतरलं, रक्तदाबही. त्यांच्या खाण्यात त्या काळात काय बदललं हे नीट मोजलेलं नव्हतं, म्हणून या निकालावर फार भार टाकू नये. पण आपण आधीच जे करतो त्याची मोजदाद ठेवायला काय हरकत आहे? आवणीच्या दिवसांत आठ तास चिखलात वाकलेल्या बाईच्या वहीत त्या दिवशीचा व्यायाम झालेलाच असतो.

घसरण होणारच. एकादशी अन् दुप्पट खाशी ही म्हण उगाच पडलेली नाही. सकाळपासून उपास, मग भगर, साबुदाण्याची खिचडी, तळलेले पापड, आणि एकदा खाल्लंच आहे तर रात्री बासुंदीही. ॲलन मार्लट या मानसशास्त्रज्ञाने दारू सोडणाऱ्यांमध्ये हीच चाल टिपली होती: एक घोट गेला की माणूस ‘मी सोडूच शकत नाही’ असा निकाल स्वतःवर लावतो, आणि खरं नुकसान त्या निकालाने होतं, घोटाने तेवढं नाही. लग्नात दोन गुलाबजाम जास्त झाले याचा अर्थ लग्नात दोन गुलाबजाम जास्त झाले. पुढचं जेवण नेहमीचं घ्यावं. ‘उद्यापासून दुप्पट चालीन’ अशी शिक्षा ठोठावू नये, ती पाळली जात नाही आणि अपयशाची आणखी एक नोंद होते. अमेरिकेत १९९४ पासून वजन उतरवून टिकवलेल्यांची एक नोंदवही चालवली जाते. किमान साडेतेरा किलो उतरवून वर्षभर राखलेल्यांनाच तिच्यात जागा मिळते. त्यांतल्या बहुतेकांचे आधीचे प्रयत्न फसलेले होते.

मोजणीचं साधन असं असावं की ते उगाच धीर खचवणार नाही. अंगातलं पाणी, मीठ, पोट साफ होणं, बायकांची पाळी यांमुळे वजन दोन दिवसांत किलो-दीड किलो इकडेतिकडे होतं. रोज काट्यावर उभं राहून हताश होणाऱ्याने आठवड्यातून एकदाच, सकाळी, तोच काटा वापरून वजन करावं. ज्याच्या घरी काटाही नाही आणि टेपही नाही, त्याने सुतळी घ्यावी. सांगितलेल्या जागी कमरेभोवती गुंडाळून जिथे टोक मिळेल तिथे गाठ मारावी. पंधरा दिवसांनी त्याच सुतळीवर दुसरी गाठ. करदोटा बांधणाऱ्याला तर हे साधन आयतंच आहे, त्याला तो केव्हा रुतत होता आणि केव्हा सैल झाला हे सांगावं लागत नाही. वहीत रोज एक खूण पुरे: आजचं ठरलेलं काम झालं किंवा नाही. वजन आपल्या हातात थेट नसतं, चहातला चमचा असतो.

काही वेळा सगळं नीट करूनही काही हलत नाही. थायरॉइड, पाळीच्या तक्रारी, स्टिरॉइड, मनोविकारांची काही औषधं, रात्रपाळी यांपुढे नुसता भरवसा कमी पडतो. तीन महिने खुणा भरलेल्या असूनही घेर जागेवरच असेल तर वही घेऊन डॉक्टरांकडे जावं. तपासणीला ती उपयोगी पडते आणि ‘तुम्ही पाळतच नसाल’ हा शेरा ऐकायची वेळही टळते. वजनाची इंजेक्शनं आता भारतात मिळायला लागली आहेत. ती कुणाला द्यायची हे डॉक्टरांनी ठरवायचं, मेडिकलवाल्याने नव्हे.

राहता राहिला पावसाळा. जूनपासून सप्टेंबरपर्यंत पेठमध्ये पाऊस असा कोसळतो की चालायला जाण्याचा प्रश्नच नको, आणि उन्हाळ्यात कमावलेली सवय तिथे बुडते. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांच्या संशोधनाचा इथे चांगला उपयोग होतो. ‘पावसातही व्यायाम करीन’ असा संकल्प न करता ‘असं झालं तर असं’ एवढं आधीच ठरवून ठेवलेली माणसं जास्त पाळतात. सहा वाजता पाऊस असेल तर ओसरीत किंवा जिन्यावर पंधरा मिनिटं चढ-उतार. वीज गेली असेल तर जागच्या जागी चालणं. कोटंबीत गाडी अडकली तर पिशवीत फुटाणे आहेत, भज्यांच्या गाडीपाशी उतरायचं नाही. मे महिन्यातच हे वहीत लिहून ठेवावं आणि प्रत्येक ओळीला गुण द्यावेत. जिन्याच्या ओळीला पाच मिळाले तर पंधरा मिनिटांची सात करावीत. आणि पहिल्या पानावरची ‘साडूच्या घरी बारसं’ ही ओळ तीन महिन्यांनीही तीनवरच अडलेली असेल, तर त्या दिवशी घरून जेवून निघावं.